परदेशातून ठाण्याच्या बँकेला फोन : एका ग्राहकसेवेचे परीक्षण

ठाणे आणि नवी मुंबईतील कितीतरी घरांतली मुले आज परदेशात स्थायिक झाली आहेत आणि त्यांचे आईवडील वर्षातील काही महिने त्यांच्याकडे राहायला जातात. मुक्काम तिकडे असला, तरी संसाराचा आर्थिक व्यवहार इथल्या शाखेतूनच चालू राहतो, कारण निवृत्तिवेतन त्याच खात्यात जमा होते, सोसायटीची देणी व विजेचे बिल तिथूनच भागवले जाते आणि मुदत ठेवीही तिथेच असतात. त्यामुळे परदेशातून आपल्या बँकेशी फोनवर बोलता येणे ही आमच्यासारख्या ज्येष्ठ ग्राहकांची मूलभूत गरज आहे. नौपाड्यातील एका राष्ट्रीयीकृत बँकेत आमचे अनेक वर्षांचे खाते आहे. जर्मनीत श्टुटगार्टला लेकीकडे असताना या बँकेच्या दूरध्वनी सेवेशी माझा जो संबंध आला, त्याच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे. बँकेचे नाव देत नाही, कारण यातील बहुतेक अडचणी इतर बँकांच्या ग्राहकांनीही मला सांगितलेल्या आहेत.

ट्राममध्ये माझी पर्स गेली. त्या पर्समध्ये डेबिट कार्ड होते आणि खात्याला जोडलेल्या भारतीय क्रमांकाचा मोबाइलही होता. तिकडे संध्याकाळचे आठ वाजले होते, म्हणजे ठाण्यात रात्रीचे साडेअकरा, कारण उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात हे अंतर साडेचार तासांचे होते. शाखा अर्थातच बंद होती. चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा एवढाच मार्ग उरला होता.

पहिला प्रश्न क्रमांकाचा. पासबुकावर आणि कार्डाच्या पाठीमागे ठळक अक्षरांत छापलेला क्रमांक १८०० ने सुरू होतो आणि असे निःशुल्क क्रमांक भारताबाहेरून सहसा लागतच नाहीत. परदेशातून लावण्याचा क्रमांक वेगळा असतो. तो साध्या लँडलाइनसारखा असतो आणि त्याच्याआधी ९१ हा भारताचा संकेतांक व नंतर शहराचा संकेतांक लावावा लागतो. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांचा एसटीडी कोड मुंबईप्रमाणेच ०२२ आहे, पण परदेशातून फोन लावताना त्यातील सुरुवातीचे शून्य गाळायचे असते, म्हणजे अधिक ९१, मग २२ आणि पुढे आठ आकडे. अमेरिकेतील लँडलाइनवरून अधिकच्या चिन्हाऐवजी ०११ आणि युरोपातून ०० लावावे लागतात. या बँकेने परदेशासाठीचा क्रमांक कार्डावर अगदी बारीक अक्षरांत छापला आहे, आणि ज्याचे कार्ड हरवले आहे त्याला त्या अक्षरांचा काय उपयोग, हा विचार छापणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. आम्हाला तो क्रमांक माझ्या यजमानांच्या कार्डावर मिळाला.

फोन लागल्यानंतरचा भाग मी सविस्तर सांगते, कारण बहुतेक लोक इथेच अडतात. आधी हिंदी, मराठी आणि इंग्रजी यांतून भाषा निवडायची असते. त्यानंतर गृहकर्जाच्या नव्या योजनेची जाहिरात ऐकावी लागते, जी मध्येच तोडता येत नाही, आणि मग पर्यायांची यादी सुरू होते. यजमानांच्या फोनवरील इंटरनेट कॉलिंगच्या ॲपवरून आम्ही प्रथम प्रयत्न केला, तेव्हा आवाज स्वच्छ ऐकू येत होता, पण दाबलेला आकडा पलीकडच्या यंत्राला कळत नव्हता. मी आकडा दाबत होते आणि ते यंत्र शांतपणे सांगत होते, ‘आपण कोणताही पर्याय निवडलेला नाही.’ इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलमध्ये बटणांचे ध्वनी कधी कधी नीट पोहोचत नाहीत. जावयांच्या जर्मन मोबाइलवरून साधा आंतरराष्ट्रीय कॉल केला, तेव्हा तीच बटणे पहिल्या दाबात लागू पडली. मिनिटामागे पैसे जास्त गेले, पण अशा वेळी तो खर्च करावा. पूर्वी परदेशस्थ मंडळी अशा कॉलसाठी सर्रास स्काइप वापरत असत. ती सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे ज्यांच्या वहीत अजूनही तोच उपाय लिहिलेला असेल, त्यांनी दुसरी सोय आधीच करून ठेवावी.

कार्ड बंद करण्याची या बँकेची सेवा मात्र उत्तम आहे आणि ते मी मोकळेपणाने लिहिते. हा पर्याय यादीत पहिला आहे. त्यासाठी ना कार्डाचा क्रमांक लागला, ना ओटीपी. फोनवरील तरुण अधिकाऱ्याने पूर्ण नाव, जन्मतारीख, आईचे नाव, शाखा आणि शेवटचा मोठा व्यवहार एवढेच विचारले. ‘मॅडम, आपण आधी कार्ड बंद करून घेऊ, बाकीचं नंतर बोलू,’ असे तो म्हणाला आणि बोलता बोलता त्याने ते बंद केलेही. तक्रार क्रमांक त्याने दोनदा सावकाश सांगितला आणि माझ्याकडून परत म्हणवून घेतला. मध्यरात्रीच्या पाळीत बसून इतक्या समजूतदारपणे काम करणाऱ्या त्या मुलाचे मला मनापासून कौतुक वाटते. ही तत्परता फार महत्त्वाची होती, कारण युरोपात छोट्या रकमांसाठी कार्ड नुसते टेकवले तरी पिन न विचारता पैसे जातात आणि अनेक परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवायही खरेदी होऊ शकते. माझ्या कार्डावरही बंद होण्यापूर्वी एका दुकानात छोटी रक्कम खर्च झाली होती.

त्या रकमेच्या संदर्भात रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक प्रत्येक प्रवासी ग्राहकाने समजून घ्यावे असे आहे. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात चूक बँकेची नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर कोणतीही जबाबदारी राहत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास जबाबदारी मर्यादित असते आणि त्यानंतर ती बँकेच्या धोरणावर अवलंबून राहते. ग्राहकाने कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते, आणि वादातील रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत खात्यात तात्पुरती जमा करायची असते. हे दिवस ग्राहक जिथे आहे तिथल्या नव्हे, तर त्याच्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे मोजले जातात. म्हणजे मी श्टुटगार्टमध्ये असले तरी दुसरा व चौथा शनिवार, रविवार आणि गणेश चतुर्थीची सुट्टी ही नौपाड्याच्या शाखेची धरली जाते. आमच्या बँकेने ती रक्कम मुदतीत जमा केली. त्यासाठीचा अर्ज नोंदवलेल्या ई-मेलवर आला आणि मी तो भरून ई-मेलनेच परत पाठवला. खात्याशी ई-मेल पत्ता जोडलेला नसता, तर व्यवहाराची सूचना केवळ हरवलेल्या मोबाइलवरच गेली असती.

कार्ड बंद झाल्यानंतर मात्र या सेवेचे रूपच पालटते, आणि माझा मुख्य आक्षेप इथे आहे. कार्ड बंद करताना जी माहिती माझी ओळख पटवायला पुरेशी ठरली, ती पुढच्या एकाही कामाला पुरेशी मानली गेली नाही. शिल्लक विचारली, तर ओटीपी पाठवतो म्हणाले. नेट बँकिंगचा गोठलेला पासवर्ड नव्याने हवा होता, तरी ओटीपी. तो ओटीपी जाणार कुठे, तर पर्सबरोबर गेलेल्या मोबाइलवर. किल्ली घरात राहून दाराचे लॅच लागावे आणि शेजाऱ्याने सांगावे की आतली किल्ली घेऊन या, तशी ही अवस्था होते. वरिष्ठ अधिकाऱ्याशी बोलण्याची विनंती केली, तेव्हा ‘चोवीस तासांत आपल्याला फोन येईल’ असे सांगण्यात आले, आणि तो फोनही नियमाप्रमाणे नोंदणीकृत भारतीय क्रमांकावरच जाणार होता. जर्मन क्रमांक मी दिला होता आणि तो टिपून घेतल्याचेही सांगितले गेले, परंतु त्यावर कोणाचाही फोन आला नाही.

सुरक्षिततेसाठी बँकेने काटेकोर असावे, हे मला पूर्णपणे मान्य आहे. सिम बदलून लोकांची आयुष्यभराची पुंजी लुटल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि गोड बोलणाऱ्या कोणाही अनोळखी माणसाला माझ्या खात्यात शिरता येऊ नये असेच मलाही वाटते. माझे म्हणणे इतकेच आहे की मोबाइल हरवणे ही प्रवासात सर्वाधिक संभवणारी आपत्ती असताना, ओळख पटवण्याचा संपूर्ण डोलारा त्या एका सिमवर उभा करणे आणि ते गेल्यास दुसरा मार्गच न ठेवणे, ही सेवेच्या आखणीतील उणीव आहे. फोनसाठीचा वेगळा टी-पिन, नोंदणीकृत ई-मेलवर पाठवलेला संकेत किंवा पासपोर्ट दाखवून केलेला व्हिडिओ कॉल असे पर्याय अशक्य नाहीत. अनिवासी खात्यांसाठी परदेशी मोबाइल क्रमांक जोडण्याची सोय बँका देतात. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने २०२३ च्या जानेवारीत अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, संयुक्त अरब अमिराती यांसह दहा देशांच्या क्रमांकांवरून एनआरई व एनआरओ या अनिवासी भारतीयांच्या खात्यांना यूपीआयची वाटही खुली केली. काही महिन्यांसाठी लेकराकडे गेलेली आमच्यासारखी माणसे मात्र निवासी ग्राहकच राहतात, आणि त्यामुळे या सोयींच्या कक्षेत येत नाहीत.

अखेर गाडे हलले ते शाखेमुळे. पासबुकावरील शाखेचा लँडलाइन बराच वेळ वाजत राहायचा आणि बंद व्हायचा. सकाळी दहा वाजता काउंटर उघडते, तेव्हा जर्मनीत साडेसहा झालेले असतात, म्हणून आम्ही पहाटे उठून फोन लावत होतो. शेवटी माझे धाकटे दीर पाचपाखाडीतून स्वतः शाखेत गेले आणि तिथल्या अधिकारी बाईंनी त्यांच्यासमोरच बँकेच्या फोनवरून आम्हाला फोन केला. खातेउघडणीच्या वेळचा सहीचा नमुना समोर ठेवून त्यांनी माझ्याशी बोलणे केले, संयुक्त खात्यातील यजमानांचा क्रमांक त्यांच्या नेट बँकिंगला आधीच जोडलेला आहे हे पाहून पुढची कामे त्यांच्या नावे सुरू करून दिली आणि म्हणाल्या, ‘काकू, तुम्ही निर्धास्त राहा, नवीन कार्ड तुम्ही आल्यावर इथेच घ्या.’ नवे कार्ड केवळ नोंदणीकृत पत्त्यावर पाठवण्याचा या बँकेचा नियम असल्यामुळे त्यांना याहून अधिक करता येण्यासारखे नव्हते. जे काम मध्यवर्ती दूरध्वनी केंद्राला जमले नाही, ते खातेदाराला ओळखणाऱ्या शाखेने केले. पण ज्यांचे दीर किंवा भाऊ ठाण्यात नाहीत, त्यांनी काय करावे, हा प्रश्न उरतोच.

आणखी एका धोक्याबद्दल लिहिले पाहिजे. घाईत इंटरनेटवर बँकेचा क्रमांक शोधू नये, कारण शोधात वर दिसणारे ‘कस्टमर केअर’चे काही क्रमांक भामट्यांनी पेरलेले असतात. भारतीय बँकांची अधिकृत संकेतस्थळे आता .बँक.इन या अखेरीच्या पत्त्यावर आहेत आणि क्रमांक तिथूनच उतरवून घ्यावा. बँकेच्या नावाने येणाऱ्या फोनबाबतही सावध राहावे. बँकांनी सेवाविषयक फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून आणि जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या जानेवारीत सांगितले आहे. फोन करणारा कोणीही असो, त्याला ओटीपी किंवा पिन सांगायचा नाही.

निघण्यापूर्वीच्या तयारीविषयी थोडक्यात सांगते. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून घ्यावे, म्हणजे ओटीपीचे संदेश येत राहतात. कार्डाचा परदेशातील वापर २०२० च्या नियमांमुळे ग्राहकाला स्वतः सुरू करावा लागतो, आणि त्याची मर्यादा शक्य तितकी कमी ठेवावी. पतीपत्नीचे खाते संयुक्त असेल, तर दोघांचे मोबाइल वेगवेगळे नोंदवावेत आणि दोन्ही फोन एकाच पिशवीत कधीही ठेवू नयेत. बँकेचा परदेशासाठीचा क्रमांक कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवावा.

कार्ड बंद करण्याच्या सेवेला मी या बँकेला पैकीच्या पैकी गुण देते. उरलेल्या दूरध्वनी सेवेला, त्यातील माणसांच्या सौजन्याची पूर्ण जाणीव ठेवूनही, उत्तीर्ण करता येत नाही. ठाण्यात परतल्यावर मी शाखेत लेखी निवेदन देऊन पोच घेतली आहे. मोबाइल हरवलेल्या निवासी ग्राहकाची ओळख पटवण्याचा पर्यायी मार्ग ठेवावा आणि तक्रारीवरील फोन ग्राहकाने दिलेल्या परदेशी क्रमांकावर करावा, या दोन मागण्या त्यात आहेत. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर १२ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठीचा १४४४८ हा छोटा क्रमांक भारतातील फोनसाठी आहे, पण संकेतस्थळावरील तक्रार जगात कुठूनही नोंदवता येते आणि तिला बँकेचा ओटीपी लागत नाही.