‘डेड स्किन’ म्हणून त्यांनी माझी जिव्हाळी कापली

मी मेंदी काढते. लग्नसराईत समोरच्या बाईचं लक्ष आधी माझ्या हातांकडे जातं, म्हणून नखं जपलेली. माझीच, वाढवलेली, वरून जेल पॉलिश. दोन-अडीच वर्षं हे असंच चाललं होतं.

दिवाळीनंतर एकदा मधल्या बोटाचं नख टोकाला चिरलं. कापायला नेलकटर लावलं आणि कळ थेट कोपरापर्यंत गेली. रक्त आलं. हात उलटा करून उजेडात पाहिलं, तर बोटाची कातडी नखाच्या खालून पुढे सरकत आलेली होती, नखाला आतून घट्ट चिकटून. उजव्या हाताच्या तीन बोटांना तसंच होतं. मग आठवलं, कोन पिळताना हल्ली तिथे दुखायचं, भांड्यांचा साबण झोंबायचा. मी लक्षच दिलं नव्हतं.

आईला दाखवलं. ती म्हणाली, “अगं, ही जिव्हाळी आहे. हिला हात लावू नकोस, डॉक्टरांकडे जा.” मी तिचं ऐकलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

मी गेले नेल स्टुडिओत. जेल तिथेच लावायचे, ओळख होती. तिथल्या मुलीने मोबाईलला एक भिंग लावून माझ्या नखाचा फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून दाखवला. इतकं मोठं केलेलं कुठलंही नख बघवत नाही. ती म्हणाली, “ताई, फंगस आहे. ही सगळी डेड स्किन आहे, काढली नाही तर नख गळून पडेल.” आतून पांढरा कोट घातलेली एक बाई आली. काउंटरवरचा मुलगा तिला ‘डॉक्टर मॅडम’ म्हणत होता. कशाच्या डॉक्टर, हे मी विचारलं नाही. सहा सिटिंगचं पॅकेज 9,000 रुपये, शिवाय 1,250 चं ‘अँटिफंगल’ तेल. आज पैसे भरले तरच हा भाव. पुढच्या आठवड्यात माझ्याकडे दोन लग्नं होती. मी तिथेच क्यूआर कोड स्कॅन केला.

पहिल्या सिटिंगला हात कोमट पाण्यात ठेवून लोखंडी पुशरने कातडी मागे रेटली. दुसऱ्या वेळी निप्पर घेऊन ती कापायला सुरुवात केली. मी हात मागे ओढला तर ती मुलगी म्हणाली, “थोडं सहन करा ताई, मेलेली कातडी आहे.” कापसाचे बोळे लाल होत होते. मेलेल्या कातडीतून रक्त येत नाही, एवढं साधं माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही, याचा मला आजही त्रास होतो.

तिसऱ्या दिवशी बोट सुजलं, रात्रभर ठणका. नखाच्या कडेला पू धरला आणि नख पुढून सुटून पांढरं दिसू लागलं. दोन्ही लग्नांच्या ऑर्डरी मैत्रिणीला द्याव्या लागल्या.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी नखाचा तुकडा तपासायला पाठवला. फंगस नव्हतंच. त्यांनी समजावलं, ही नखाखालची कातडी म्हणजे एक सील असतं. ती नख आणि बोट यांच्यामधली फट बंद ठेवते, म्हणून पाणी, जंतू, बुरशी आत जात नाहीत. नख लांब राहिलं, त्यावर जेलचे थर चढत गेले, की काहींची कातडी नखाबरोबर पुढे येते. या प्रकाराला वैद्यकीय भाषेत टेरिजियम इनव्हर्सम अंग्विस म्हणतात, 1973 पासून डॉक्टरांना माहीत आहे. मग त्यांनी विचारलं, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का, हातांची कातडी ताठरते का. कातडी कडक करणाऱ्या स्क्लेरोडर्मासारख्या आजारातही नखाखाली असंच होऊ शकतं. हा प्रश्न त्या स्टुडिओत कोणी विचारला असता? ज्यांना हे होतं त्यांनी म्हणूनच आधी डॉक्टरला दाखवावं, असं मला कळकळीने सांगायचंय.

औषधाने पू गेला. जेल बंद. कातडी कापायची नाही, काडीने टोकरायची नाही. आंघोळीनंतर नख मऊ असताना कातडीला पेट्रोलियम जेली, आणि आठवड्यातून एकदा कानशीने नख जरासंच कमी करायचं, कातडीला न लागता. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं यायला सहा महिने. माझ्या दोन बोटांची कातडी आता बरीच मागे गेली आहे. जिथे कापलं, ते मधलं बोट मात्र अजून नीट नाही.

पैशांचं म्हणाल तर, स्टुडिओत गेले तेव्हा ‘तुम्हीच घरी पाण्यात हात घातला’ असं ऐकवलं. बिल मागितलं तर कोऱ्या चिठ्ठीवर ‘ब्युटी सर्व्हिस’. त्या तेलाच्या बाटलीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नंबरही नाही. सौंदर्यप्रसाधनावर हे सहसा छापलेलं असावं लागतं. मी बाटलीचे फोटो, चिठ्ठी, यूपीआयची नोंद आणि डॉक्टरांचे कागद जमवले आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल न देणं हीसुद्धा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला तेव्हा कळलं. न झालेल्या चार सिटिंगचे 6,000 परत आले. कापल्याचे आणि तेलाचे पैसे द्यायला ते तयार नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही, म्हणून आता तिथे अर्ज करते आहे. कागद तयार झाले आहेत, सही तेवढी राहिली आहे. ती करताना पेन अजून मधल्या बोटाला टेकवता येत नाही.