बडोद्यात घर, रेवदंड्यात बोट: विमा सर्वसमावेशक घ्यावा की फक्त टोटल लॉसचा?

बडोद्याजवळच्या किनाऱ्यावर कावी-कंबोईला स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत बुडताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना बडोदेकर आपली बोट जवळच्या किनाऱ्यावर का ठेवत नाहीत हे वेगळं सांगायला नको. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या घरात जातो, आणि पाणी ओसरलं की उरतो तो चिखल. म्हणून आमची 18 फुटी बोट, 60 हॉर्सपॉवरच्या आउटबोर्डसह (मागच्या बाजूला बाहेरून लावायचं इंजिन), रेवदंड्याच्या खाडीत असते. मालक इथे, बोट तिथे; मध्ये रात्रीची गाडी आणि वर अर्धा दिवस. विमा निवडताना हे अंतरच सगळ्यात जास्त मोजावं लागतं, असं माझं मत झालंय. दांडिया बाजारातल्या एका स्नेह्यांनी नुकतीच बोट घेतली आणि हाच प्रश्न विचारला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. पहिली तीन वर्षं सर्वसमावेशक पॉलिसी होती: बोट बुडाली, खडकावर आपटली, नुसती तडकली तरी भरपाई, शिवाय तिसऱ्या व्यक्तीबद्दलचं दायित्व, म्हणजे आपल्या बोटीमुळे दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झालं तर त्याची भरपाई. त्यानंतर फक्त टोटल लॉस, म्हणजे बोट पूर्ण गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तरच भरपाई, आणि दायित्व. दुसरीचा प्रीमियम मला पहिलीच्या निम्म्याहून थोडा कमी पडतो.

पहिलीचं मोल मी कमी लेखत नाही. खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे सरकत असतात, जाळ्यांचे दोर पंख्यात अडकतात, आणि फायबरचं काम स्वस्त राहिलेलं नाही. अशा दुरुस्तीत गाडीच्या विम्यासारखा घसारा सहसा कापत नाहीत. आउटबोर्ड मात्र अपवाद. त्यावर नव्या-जुन्याच्या फरकापोटी एक तृतीयांशापर्यंत कपात होऊ शकते. ते सुटून पाण्यात पडलं तर बहुतेक पॉलिसी काहीच देत नाहीत, आणि चोरीची भरपाई हवी तर नेहमीच्या पकडीशिवाय वेगळं कुलूप लागतं. आमच्यासारख्या छोट्या बोटीत निम्मी किंमत इंजिनाचीच असते, हे ध्यानात ठेवावं.

माझं मन फिरलं ते एका कलमामुळे. दिवाळीनंतरचा रविवार होता. काशिदसमोर नांगर टाकला आणि आम्ही सगळे जेवायला किनाऱ्यावर उतरलो, बोट चालवणाऱ्या तांडेललाही सोबत घेतलं. दुपारी नेहमीप्रमाणे वायव्येचा वारा चढला, नांगर घसरला, बोट लाटांत आडवी होऊन वाळूवर आली. तळ फाटला आणि इंजिनाचा खालचा भाग गेला. सर्व्हेअर आले, फोटो झाले, मी दोनदा रजा काढून गेलो. शेवटी पत्र आलं: 17 नॉटपेक्षा जास्त वेगाची बोट उघड्या किनाऱ्यासमोर कोणी जवळ नसताना नांगरून ठेवली असेल, तर ती सुटणं, किनाऱ्याला लागणं, बुडणं यांची भरपाई नाही. 17 नॉट म्हणजे ताशी साधारण 31 किलोमीटर. आजकालची जवळपास प्रत्येक आउटबोर्ड स्पीडबोट त्यात येते. कलम छापलेलं होतं आणि मी ते वाचलेलं नव्हतं, तेव्हा कंपनीला दोष देत नाही. पण हौशी माणूस बोट घेऊन दुसरं करतो काय? किनारा पाहून नांगर टाकतो आणि उतरतो. ज्या धोक्यासाठी मी तीन वर्षं जादा पैसे भरत होतो, नेमका तोच बाहेर होता.

हेच कलम टोटल लॉसच्या पॉलिसीतही असतं, ही गोष्ट लपवत नाही. फरक इतकाच, की तिथे मी किरकोळ नुकसानीसाठी पैसे मोजत नाही. वाचलेल्या रकमेतून खलाशाला दिवसाचे जादा पैसे देतो आणि तो बोटीवरच थांबतो. माझ्या अनुभवात नुकसान यानेच टळलं.

टोटल लॉस घेताना ठरलेल्या किमतीकडे नीट पाहा. 1963च्या सागरी विमा कायद्यानुसार पॉलिसीत किंमत ठरवून लिहिली असेल, तर फसवणूक नसल्यास ती दोघांनाही बांधील असते. म्हणून किंमत फुगवून लिहायचा मोह होतो. पण दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या वर गेला तरच बोट टोटल लॉस धरतात. किंमत फुगवली की ती रेषाही वर जाते, आणि अर्धी मोडलेली बोट तुमच्या गळ्यात राहते. मी बाजारभावाच्या जवळची किंमत लिहितो.

दायित्वाची रक्कम मात्र दोन्हीत सारख्याच काळजीने, जमेल तितकी मोठी घ्यावी. 18 जानेवारी 2024ला बडोद्यात हरणीच्या तलावात बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. त्यानंतर बोटीत पाहुणे बसवताना आपल्या गावातल्या कुणाचाही हात क्षणभर थांबेल. बोटीवरची माणसं दायित्वात धरली आहेत का, किती जणांपर्यंत, हे लेखी मागून घ्या. मित्रांनी पेट्रोलचा खर्च वाटून घेतला तर तो भाड्याचा वापर मानणार का, हेही विचारा.

पावसाळ्यासाठी बोट किनाऱ्यावर ओढून शाकारण्याचे महिने पॉलिसीत लिहिलेले असतात आणि त्यावर सवलत मिळते. बरेच जण 1 जून ही तारीख लिहितात. निसर्ग वादळ 3 जून 2020ला अलिबाग भागात धडकलं, तौक्ते तर 2021च्या मे महिन्याच्या मध्यावर कोकणाला झोडपत गेलं. मी 15 मे लिहितो. मुलांच्या सुट्टीतले दोन आठवडे जातात, त्याला इलाज नाही.

केबिनची, आतल्या इंजिनाची महागडी बोट असेल, ती मरिनामध्ये कोणाच्या तरी नजरेखाली राहत असेल, किंवा तुम्ही स्वतः अलिबागलाच राहत असाल, तर सर्वसमावेशकच घ्या, असं मी म्हणेन. बडोद्यात बसून छोटी आउटबोर्ड सांभाळणाऱ्याला मी दुसरी सुचवतो. मात्र सही करण्याआधी एजंटला ते नांगराचं कलम मोठ्याने वाचायला सांगा, आणि खलाशी बोटीवर असेल तर ते लागू होणार नाही, एवढं त्याच्याकडून ईमेलवर लिहून घ्या.