जिमची फी की इतवारीचा किराणा?

दिवाळीचा फराळ अंगाला लागला की नागपुरात चौकाचौकात जिमचे फ्लेक्स लागतात: वर्षाचं पॅकेज घ्या, तीन महिने फुकट. मीही एकदा घेतलं. 12,000 रुपये एकरकमी भरले आणि वर्षाअखेरीस हजेरी मोजली तर भरली 43 दिवस. एका दिवसाच्या घामाचे 280 रुपये पडले, बाप्पा! त्यात ट्रेनरच्या आग्रहाने घेतलेला प्रोटीन पावडरचा डबा वेगळाच.

तेव्हापासून मी खाणं आणि व्यायाम यांचा हिशेब वेगळा मांडतो. खाण्याचं उत्तर सोपं आहे, व्यायामाचं तेवढं नाही.

आधी प्रोटीन, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच उडतो. निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण 0.83 ग्रॅम प्रोटीन पुरतं, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. त्यातलं 10 ग्रॅम कशातून किती रुपयांत मिळतं, ते मी इतवारीच्या बाजारात घेतो त्या भावाने बघा. सोयावडी 20 ग्रॅम, तीन रुपये. फुटाणे 50 ग्रॅम, आठ रुपये. दोन अंडी घेतली तर 12 ग्रॅम मिळतं, 14 रुपयांत. दूध पाव लिटरहून थोडं जास्त लागतं, वीस रुपयांच्या आसपास. आणि डब्यातली पावडर? तीस रुपये. पावडर लवकर पचते, सोयीची आहे, हे खरं. पण वरण-भात, मूठभर फुटाणे, एखाद्या वेळी सोयावडीची भाजी आणि वाटीभर दही एवढं रोज पोटात जात असेल, तर तो डबा कशासाठी? 2024 साली याच संस्थेने काढलेल्या आहारविषयक सूचनांमध्येही प्रोटीन पावडर टाळा असंच म्हटलंय. किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, मग ते पावडरीचं असो की फुटाण्याचं.

ओट्स की ज्वारी? इथे मी ओट्सला नावं ठेवणार नाही. त्यातला बीटा-ग्लुकॅन नावाचा तंतू कोलेस्टेरॉल थोडं उतरवतो, हे सिद्ध झालेलं आहे. सकाळी भाकरी थापायला कोणी नाही आणि आठला घर सोडायचंय, तर साधे ओट्स घ्या. मसाला ओट्सची पाकिटं नकोत, त्यात मीठ फार. पण भाकरी होत असेल तर ज्वारी स्वस्त पडते आणि झुणक्यासोबत खाल्ली की दुपारपर्यंत भूक आठवत नाही.

चिया आणि बदामाच्या बाबतीत तर आपण विदर्भवाले उगाच लाजतो. जवस घरात असताना चियाचं पाकीट कशाला? दोन्हींत वनस्पतीजन्य ओमेगा-3 भरपूर, आणि बदामात ते जवळजवळ नसतंच. जवस अख्खा गिळला तर तसाच बाहेर पडतो, म्हणून तो भाजून कुटायचा. माझी आई कढई मंद आचेवर ठेवते, दाणे तडतडायला लागले की लगेच ताटात काढते. मग लसूण, सुकी मिरची, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटते. चटणी वाटीभरच करा. मे महिन्यात आठवडाभर बाहेर राहिली की खवट होते, फ्रीजमध्ये टिकते.

तेलाचं एकच सांगतो. आमच्या चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत नव्हता. आता बाटलीऐवजी पळीने मोजून घालतो, साडेतीन लिटरमध्ये भागतं. सावजीचं तिखट-तेलकट जेवण महिन्यातून एकदा, तेही मनापासून.

आता व्यायाम. आठवड्याला 150 मिनिटं घाम येईल असं चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चालायला फुटाळा तलाव आहे, सेमिनरी हिल्सचा चढ आहे, नाही तर आपल्या इमारतीचे जिने आहेत. दंड, बैठका, सूर्यनमस्कार यांना सतरंजीएवढी जागा लागते. मात्र घरच्या व्यायामात एक भोक आहे. दंड-बैठकांत ढकलणं होतं, ओढणं होत नाही, त्यामुळे पाठ कच्ची राहते. त्यावर उपाय म्हणजे दाराच्या चौकटीत लावायचा बार किंवा रबरी पट्टा. तोही नको असेल तर दहा किलो कणकेची पिशवी कमरेतून वाकून पोटाशी ओढायची. बायको हसते, हसू द्या.

जिमची बाजू भक्कम होते ती दोन ठिकाणी. एक, वजन अडीच-अडीच किलोने वाढवत नेता येतं. चाळिशी उलटलेल्यांना, विशेषतः बायकांना, हाडांसाठी याचा खरा फायदा आहे. दुसरं, आपलं ऊन. एप्रिल-मेत पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा सकाळी साडेसहानंतर बाहेर चालणं म्हणजे खेळ नाही, आणि गच्चीखालची खोली रात्रीही तापलेली असते. कूलरवाला हॉल तेव्हा कामाचा.

म्हणून ज्यांना आतापर्यंत घरी सलग दोन महिनेही जमलेलं नाही, त्यांनी जिमला जावं, पण महिन्याची फी भरून. पंधरा दिवसांहून कमी हजेरी लागली तर पुढचा महिना भरू नये. ज्यांना घरी जमतं त्यांनी मार्चअखेरीस फक्त तीन महिन्यांची फी भरावी आणि मृगाचा पाऊस पडला की पुन्हा सतरंजी अंथरावी. माझं सध्या असंच चाललंय.