जर्मनी की इटली? हातात पैसा कमी असताना

साताऱ्याहून भाचीचा फोन आला. "मामा, जर्मनीत शिकायला फी नाही म्हणतात. मग इटलीचा विचार कशाला करायचा?"

फी खरंच नाही, निदान बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र आपल्याला सेमिस्टरला १५०० युरो पडतात. पण गरीब घराची अडचण फीची नसतेच. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी दाखवावे लागतात. पैसे आपलेच, दरमहा ९९२ युरो परत हातात येतात. पण एकरकमी दहा लाखांहून जास्त आणायचे कुठून? इथेच शेत गहाण पडतं, आणि ते मला बघवत नाही.

इटलीत व्हिसासाठी दाखवायची रक्कम बरीच कमी. अनेक सरकारी विद्यापीठांत फी घरच्या उत्पन्नावर ठरते, आणि प्रादेशिक शिष्यवृत्ती मिळाली तर रोख रक्कम, मेसचं जेवण, कधी खोलीही.

मेहनत मात्र इटलीत जास्त. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, घर-जमिनीचे कागद, सगळ्यांच्या बँक खात्यांची शिल्लक. त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, आणि इटालियन भाषांतर. बाबांच्या नावातलं एक अक्षर सातबाऱ्यावर वेगळं असलं तरी अर्ज अडकू शकतो. शिष्यवृत्तीचा हप्ताही उशिरा येतो, म्हणून पहिल्या काही महिन्यांचा खर्च जवळ हवाच.

कर्ज सहज मिळत असेल, जर्मन शिकायची तयारी असेल आणि तिथेच नोकरी करायची असेल, तर जर्मनी. तारण द्यायला काही नसेल पण कागदांमागे धावायची चिकाटी असेल, तर इटली. भाचीला मी इटलीच सांगितलं.