पिको-८: ३२ किलोबाइटमधील खेळघर आणि विमानातील भीती

पिको-८ हा जोसेफ व्हाइट यांनी घडवलेला काल्पनिक गेम-कन्सोल आहे. असे यंत्र प्रत्यक्षात कधीच बनले नाही, पण ते बनले असते तर त्याला जेवढी स्मृती, जेवढे रंग आणि जेवढा आवाज मिळाला असता, तेवढ्याच मर्यादा आखून ते संगणकावर उभे केले आहे. पडदा १२८ गुणिले १२८ बिंदूंचा, एका वेळी १६ रंग, आवाजाच्या वाहिन्या ४ आणि संपूर्ण खेळ ३२ किलोबाइटच्या एका कार्ट्रिजमध्ये, म्हणजे खेळ साठवणाऱ्या एका फाइलमध्ये. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात खेळ रचणाऱ्या आणि विमानात पाऊल ठेवताना घसा कोरडा पडणाऱ्या माझ्यासारख्या व्यक्तीला हे साधन कितपत उपयोगी पडते, हे मला येथे नोंदवायचे आहे.

छंद म्हणून खेळ रचणाऱ्यांच्या बाबतीत कल्पनांची चणचण सहसा नसते. खेळ पुरा होत नाही, हीच खरी अडचण असते. मोठ्या गेम इंजिनांमध्ये, म्हणजे खेळ रचण्याच्या मोठ्या साधनांमध्ये, पडद्याचा आकार, चित्रांची शैली, प्रकाशयोजना असे सारे निर्णय आपल्यालाच घ्यावे लागतात आणि त्या निर्णयांतच फावला वेळ सरतो. पिको-८ मध्ये यातील बहुतेक निर्णय आधीच झालेले आहेत. कोड, चित्रे, नकाशा, ध्वनी आणि संगीत यांचे पाचही संपादक एकाच खिडकीत आहेत. एस्केपची कळ दाबली की संपादकात जाता येते आणि कंट्रोल-आर दाबले की खेळ लगेच चालू होतो. कोड लुआ या भाषेच्या धाटणीचा असून ती भाषा शिकायला सोपी आहे. वाऱ्याच्या झोतांतून एक बी सुखरूप पलीकडे नेण्याचा माझा छोटा खेळ मी इतर साधनांत अनेकदा सुरू करून सोडून दिला होता. येथे त्याची पहिली पातळी खेळता येण्याजोगी झाली, आणि मग तो सोडवेना.

विमानप्रवासात या साधनाचा उपयोग मला सर्वाधिक जाणवला. उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनांचा जोर कमी केला जातो, आवाज बदलतो आणि विमान खाली चालल्यासारखे वाटते; ही नेहमीची प्रक्रिया आहे हे ठाऊक असूनही त्या क्षणी पोटात गोळा येतो. तेव्हा लॅपटॉप उघडण्याची मुभा नसते, म्हणून मी चौकटींची वही जवळ ठेवते. पिको-८ मधील चित्र, म्हणजे स्प्राइट, मुळात ८ गुणिले ८ चौकटींचेच असल्यामुळे ते कागदावर पेन्सिलीने तंतोतंत आखता येते. लॅपटॉप उघडता आला की तीच चौकट पडद्यावर भरायची. इंटरनेट लागत नाही, आणि संपूर्ण माहितीपुस्तिका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये सोबतच मिळते. चित्रपट पाहूनही लक्ष वळवता येते, हे खरे. पण माझे लक्ष भीतीकडे गेले तरी चित्रपट पुढे सरकतच राहतो. कोड मात्र मी लिहिल्याशिवाय एक ओळही पुढे जात नाही. विमानातील भीतीत आपल्या हाती काहीच नसल्याची भावना फार मोठी असते, आणि तेथेच एक लहानसे, पूर्णपणे आपल्या हुकमतीत असलेले जग समोर असणे मला आधार देते.

एकदा विमान हेलकावे खात असताना मी खेळातील वाराच लिहीत होते. लाटेसारखी वरखाली हालचाल साइन फलनाने रचता येते. पिको-८ मधील या फलनात पूर्ण फेरा ३६० अंशांचा न धरता १ धरला जातो, आणि पडद्यावर खालची दिशा धन असल्यामुळे उत्तराचे चिन्हही उलटे येते. वेगवेगळ्या गतीच्या दोन लाटांची बेरीज केली आणि तीत थोडी यादृच्छिकता मिसळली, तेव्हा बी खऱ्या वाऱ्यात सापडल्यासारखी वरखाली होऊ लागली, पण तिची सरासरी उंची ढळली नाही. आपल्या अंतर्कर्णाला त्वरण कळते, उंची कळत नाही. त्यामुळे हेलकाव्यांत विमान कोसळल्यासारखे वाटते, पण उंचीतील प्रत्यक्ष फरक बहुधा त्या भासापेक्षा बराच कमी असतो. हे मी आधी अनेकदा वाचले होते. त्या दिवशी ते माझ्याच आकड्यांतून दिसले आणि श्वास थोडा सावकाश झाला.

या संदर्भात ‘सेलेस्ट’ या खेळाचा उल्लेख करायलाच हवा. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी तो प्रथम पिको-८ वरच अवघ्या चार दिवसांत केला आणि २०१८ मध्ये त्याचे मोठे रूप प्रसिद्ध झाले. त्या मोठ्या खेळात अधांतरी अडकलेल्या केबल कारमध्ये नायिकेला भीतीचा झटका येतो, आणि मनातल्या मनात एक पीस तरंगत ठेवून तिला श्वास सावरावा लागतो. ते पीस खेळाडूलाच सांभाळायचे असते, ही योजना मला फार मोलाची वाटते.

उणिवा आहेत. कोडवर ८,१९२ टोकनांची, म्हणजे कोडमधील शब्द, संख्या, चिन्हे अशा सुट्या घटकांची, मर्यादा आहे. स्वल्पविराम आणि टिपा त्यात मोजल्या जात नाहीत, पण खेळ भरत आला की लिहिलेले पुन्हा आवळून लिहावे लागते, आणि हे काम कंटाळवाणे आहे. अक्षरे इतकी लहान की हेलकाव्यांत वाचताना डोळे शिणतात. संख्या सुमारे ३२,७६७ पर्यंतच जातात, म्हणून मोठे गुण दाखवायचे तर वेगळी युक्ती लागते. देवनागरी अक्षरे थेट लिहिता येत नाहीत. संगीताच्या संपादकाशी माझी अजून नीट ओळख झालेली नाही.

ज्यांना भीतीमुळे विमानात बसणेच अशक्य होते, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारे उपचार उपलब्ध आहेत आणि ते गुणकारी ठरतात. जे बसतात पण आतून थरथरतात, त्यांना पिको-८ मी आग्रहाने सुचवीन. निघण्यापूर्वी त्यातील ‘स्प्लोर’ या विभागातून इतरांचे काही खेळ उतरवून ठेवावेत, कारण त्यासाठी मात्र इंटरनेट लागते. त्या खेळांचा कोड उघडून वाचता येतो, आणि हात कापत असताना नवे काही सुचत नसले, तरी दुसऱ्याने उडी कशी लिहिली आहे हे एकेक ओळ समजून घेणे तेव्हाही जमते.