जुन्या इमारीचे मिझुसाशी: क्योतोमधील खरेदी आणि दोन उन्हाळ्यांचा वापर

चानोयूमध्ये, म्हणजे जपानी चहाविधीत, ताज्या थंड पाण्यासाठी जे झाकणाचे भांडे ठेवतात त्याला मिझुसाशी म्हणतात. चुलीवरच्या लोखंडी किटलीतले उकळते पाणी थोडे निववण्यासाठी आणि शेवटी वाटी व चासेन, म्हणजे चहा घुसळायची बांबूची रवी, धुण्यासाठी त्यातले पाणी लागते. हे परीक्षण अशाच एका मिझुसाशीचे आणि ते जिथून घेतले त्या दुकानाचे आहे. भांडे जपानमधील आरिता येथे घडलेले (तिथल्या पोर्सिलेनला, ते ज्या बंदरातून बाहेर जाई त्याच्या नावावरून, इमारी म्हणतात), पांढऱ्या पोर्सिलेनवर निळ्या चित्रांचे, म्हणजे सोमेत्सुके प्रकारचे आहे. दुकान क्योतोच्या गिओन भागात, शिनमोनझेन या जुन्या वस्तूंच्या रस्त्यावर आहे. सलग दोन वर्षे, मे ते ऑक्टोबर या काळात, मी ते वापरले आहे. त्या वापरातून माझे मत असे झाले आहे की, चहासाठी जुने पोर्सिलेन घ्यायचे तर वाटीपासून नव्हे, पाण्याच्या भांड्यापासून सुरुवात करावी, आणि निर्दोष भांड्याच्या मागे लागण्यापेक्षा ज्याचे दोष विक्रेत्याने आपणहून दाखवले आहेत असे भांडे घ्यावे.

वाटीपासून का नाही, हे आधी सांगते. चहाच्या वाट्यांची एक जुनी क्रमवारी जपानी चहाप्रेमींच्या तोंडी असते: पहिली राकु, दुसरी हागी, तिसरी कारात्सु. या तिन्हींत पोर्सिलेन नाही. चहागुरू सेन नो रिक्यू (1522-1591) यांनी ज्या वाबी, म्हणजे साधेपणात सौंदर्य पाहणाऱ्या, रुचीला आकार दिला, तिला मऊ, खरबरीत, हातात धरल्यावर हळूहळू ऊब देणारी माती भावली. आणि जपानमध्ये पोर्सिलेन घडू लागले तेच मुळी त्यांच्या मृत्यूनंतर. जपानचे तेव्हाचे सत्ताधीश हिदेयोशी यांच्या कोरियावरील स्वाऱ्यांच्या काळात तिथून आणलेल्या कुंभारांपैकी री सानपेई यांना आरिताजवळ इझुमियामा येथे पोर्सिलेनचा दगड सापडला, असे परंपरा सांगते आणि त्यासाठी 1616 हे साल देते. पण रुचीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी व्यवहाराची अडचण उरतेच. पोर्सिलेन घट्ट आणि पातळ असते, त्यामुळे गरम चहा ओतताच वाटी बाहेरून चटका देते आणि आतला चहा मात्र लवकर निवतो. पाण्याच्या भांड्याला यातले काहीच लागू पडत नाही. उलट, ज्या गुळगुळीत शुभ्रपणामुळे पोर्सिलेन वाटीसाठी परके वाटते, तोच शुभ्रपणा उन्हाळ्यात डोळ्यांना गारवा देतो. क्योतोतला जुलै ज्यांनी अनुभवला आहे त्यांना या गारव्याचे मोल वेगळे सांगायला नको.

याआधी मी एकदा फसले होते, आणि त्याचा या खरेदीशी थेट संबंध आहे. ऑनलाइन लिलावात एका विक्रेत्याकडून मी जुन्या इमारीच्या पाच मुकोझुके घेतल्या होत्या. मुकोझुके म्हणजे चहापूर्वीच्या जेवणातली, ताटाच्या पलीकडच्या बाजूला ठेवायची लहान भांडी. वर्णनात "उत्तम स्थिती" असे लिहिले होते. पहिल्यांदा कोमट पाण्यात धुतल्या तेव्हा त्यांतल्या एकीच्या काठावरून नखाएवढा पांढरा रंग सुटून आला आणि खालचा भराव उघडा पडला. याला तोमोनाओशी म्हणतात: तुटलेला भाग भरून त्यावर मूळ झिलईशी जुळणारा रंग असा चढवायचा की दुरुस्ती दिसूच नये. ही कला वाईट नाही. संग्रहालयातही तिला जागा आहे. परंतु ज्या भांड्यात अन्न वाढायचे आहे त्याच्यावरची अशी दुरुस्ती विकताना लपवणे हे मला अजूनही क्षम्य वाटत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. त्यानंतर जुने भांडे हातात घेतल्याशिवाय विकत घ्यायचे नाही, असे मी ठरवले.

शिनमोनझेनवरच्या या दुकानात माझ्या चहाच्या सेन्सेईंनी, म्हणजे गुरूंनी, मला पाठवले. दुकान अरुंद आहे. दारातच प्रांतिक सुरक्षा आयोगाने दिलेल्या परवान्याची पाटी लावलेली आहे, जी जपानमध्ये जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या प्रत्येकाकडे असावीच लागते. मालक सत्तरीच्या पुढचे आहेत आणि फार बोलत नाहीत. मला मिझुसाशी हवे आहे हे ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा नव्हता. मी कोणत्या मोसमात वापरणार, खोली किती ताटामीची, म्हणजे किती चटयांची, आहे आणि भांडे पाण्याने भरून मी स्वतः उचलणार की कोणी मदतीला असेल, हे त्यांनी विचारले. मग आतून तीन भांडी आणली, ती जमिनीवर पसरलेल्या जाड कापडावर ठेवली आणि मला अंगठी व घड्याळ काढून ठेवायला सांगितले. नवख्या ग्राहकाला हे थोडे कडक वाटू शकेल. मला ते आवडले, कारण धातूचा एक ओरखडा दोनशे वर्षांच्या झिलईवर कायमचा राहतो.

मी जे निवडले ते साधारण 17 सेंटिमीटर उंच, सरळ उभ्या भिंतींचे, नळकांड्यासारखे भांडे आहे. एका बाजूला लव्हाळ्यांत उतरणारी तीन रानबदके आहेत. तिसऱ्याचे पाय अजून हवेत आहेत आणि मान मागे वळलेली आहे. दुसरी बाजू जवळजवळ मोकळी आहे, फक्त खाली पाण्याच्या चार रेषा. निळा रंग एकसारखा नाही: कुंचला जिथे थबकला तिथे तो गडद होऊन काठांवर किंचित फुटला आहे, आणि जिथे झरझर ओढला तिथे राखाडीकडे झुकला आहे. खाणीतून मिळणाऱ्या अशुद्ध कोबाल्टची, म्हणजे गोसुची, ही खूण मानतात. मेइजी काळात (1868-1912) बाहेरून आलेले शुद्ध कोबाल्ट याहून भडक आणि जांभळट दिसते, आणि ते एकदा शेजारी ठेवून पाहिले की फरक पुन्हा सांगावा लागत नाही.

सगळ्यांत बोलका भाग मात्र काठ आहे. वरच्या कडेवरची झिलई आतल्या बाजूने बोटभर पुसून काढलेली आहे आणि तिथे माती कोरडी, किंचित तांबूस दिसते. याचा अर्थ भट्टीत या भांड्यावर त्याचे स्वतःचे पोर्सिलेनचे झाकण बसवलेले होते. दोघांची झिलई वितळून चिकटू नये म्हणून ती जागा उघडी ठेवली. ते झाकण केव्हाच हरवले. आज त्यावर आहे ते काळ्या उरुशीचे, म्हणजे जपानी लाखेचे, लाकडी झाकण, आणि ते पुष्कळ नंतर, चहासाठी बनवून घेतलेले आहे. म्हणजे हे भांडे मिझुसाशी म्हणून जन्मालाच आले नव्हते. ते कोणा घरातले साठवणीचे भांडे असावे, आणि कोणा चहाप्रेमीच्या नजरेने त्याला चहाच्या खोलीत आणले. या दुसऱ्या नजरेला मिताते, म्हणजेच "पाहून ठरवणे", असे म्हणतात, आणि चहाच्या परंपरेत ती उणीव नव्हे, मान समजली जाते. मालकांनी हे सर्व न विचारता सांगितले. त्याच काठावरून खाली उतरणारा केसासारखा तडा, ज्याला ते न्यू म्हणतात, त्यांनी आतून लहान दिवा धरून दाखवला आणि पट्टी लावून मोजला: तीन सेंटिमीटर. बुडाच्या कडेला उडालेला टवका सोन्याने सांधलेला आहे. ती दुरुस्ती उघड आहे आणि सुंदरही आहे.

टिचकी मारल्यावर चांगले पोर्सिलेन खणखणीत वाजते, आणि हे जरा बद्द वाजत होते. मी ते बोलून दाखवले. त्यांनी मान्य केले आणि भांडे काठोकाठ भरून कोऱ्या कागदावर ठेवले. उद्या येऊन कागद पाहा, मग ठरवा, म्हणाले. दुसऱ्या दिवशी कागद कोरडा होता. पावतीवर त्यांनी तडा, सांधलेला टवका, नंतरचे झाकण आणि "आवासेबाको", म्हणजे मूळची नसलेली, नंतर जुळवलेली पेटी, हे चारही शब्द स्वतःच्या हाताने लिहून दिले. जुन्या वस्तूंच्या बाजारात पेटीमुळे किंमत कितीतरी पटींनी वाढते, आणि म्हणूनच एखाद्या चांगल्या पेटीत भलतेच भांडे बसवण्याचा मोह होतो. पेटी या भांड्याची नाही हे विक्रेत्याने लिहून देणे मला किमतीतल्या सवलतीपेक्षा मोलाचे वाटले. किंमत दहा टक्के उपभोग करासह 1,30,000 येन पडली. तडा नसता आणि मूळ झाकण असते तर ती माझ्या आवाक्यात नसती.

एका बाबतीत माझे आणि मालकांचे एकमत नाही. बुडावर चौकटीत "फुकु" हे अक्षर आहे, त्याचा खालचा भाग भोवऱ्यासारखा वळवलेला. या खुणेवरून त्यांनी भांडे अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे ठरवले. परंतु ही खूण दीर्घकाळ वापरली गेली. केवळ तिच्यावर काळ ठरवणे मला घाईचे वाटते. खरेदीनंतर मी आरिता येथील क्यूशू सिरॅमिक संग्रहालयात गेले. तिथल्या शिबाता संग्रहात आरिताची दहा हजारांहून अधिक भांडी आहेत आणि ती कालक्रमाने मांडलेली असल्यामुळे रेषेची चाल पिढीगणिक कशी बदलत गेली हे डोळ्यांना सवयीचे होत जाते. कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नाही. जुने इमारी घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने पैसे खर्च करण्याआधी तिथे एक दिवस घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन. मी तो नंतर घालवला, ही चूक झाली. तिथे पाहिलेल्या लव्हाळ्यांच्या रेषांवरून माझे भांडे निदान पन्नास वर्षांनी अलीकडचे असावे असे मला वाटते. त्याने माझे समाधान कमी झालेले नाही, पण दुकानाच्या कालनिर्णयावर पूर्ण विसंबू नये, एवढे नोंदवणे आवश्यक आहे.

प्रत्यक्ष वापरात या भांड्याचे गुण ठळकपणे जाणवतात. झाकण काढून बाजूला टेकवले की आत शुभ्र तळ आणि त्यावर स्थिर पाणी दिसते. हिशाकु, म्हणजे बांबूची पळी, बुडवली की पाण्याची कड हलते आणि झिलईवरून प्रकाश फिरतो. मातीच्या गडद भांड्यात पाणी असते पण दिसत नाही, इथे ते दिसते, आणि पाहुण्यांची नजर आपोआप तिकडे जाते. बिझेनसारखे बिनझिलईचे भांडे विधीपूर्वी नीट भिजवून घ्यावे लागते. इथे ती तयारी नाही, धुऊन पुसले की भांडे सिद्ध. अडचण वजनाची आहे. आत सुमारे अडीच लिटर पाणी मावते आणि भरलेले भांडे चार किलोंच्या आसपास जाते. भिंती सरळ आणि गुळगुळीत, धरायला कान नाहीत, हात जरा दमट असले तरी घसरण्याची भीती. मी आता ते तीन चतुर्थांशच भरते. हिवाळ्यात, जमिनीतल्या रो चुलीच्या मोसमात, मी ते एकदाच मांडून पाहिले. खोली उगाच थंड वाटली. तेव्हापासून नोव्हेंबर ते एप्रिल ते पेटीत असते.

दुकानाविषयीच्या तक्रारीही लिहिल्या पाहिजेत. वस्तूंवर किंमती लावलेल्या नाहीत, व्यवहार फक्त रोखीने होतो, उघडण्याची वेळ निश्चित नाही आणि आतला प्रकाश इतका मंद आहे की निळ्याची खरी छटा दारात नेऊनच पाहावी लागते. जपानी भाषा न येणाऱ्या ग्राहकाला दोषांविषयीचे ते सविस्तर बोलणे, जे या दुकानाचे खरे बलस्थान आहे, समजणारच नाही. अशांनी सोबत कोणी जाणकार न्यावा. ज्यांना कमी पैशांत हात आणि नजर तयार करायची आहे त्यांनी दर महिन्याच्या 21 तारखेला क्योतोच्या तोजी मंदिरात भरणाऱ्या बाजारातून जुनी सोबाचोको, म्हणजे सोबा शेवयांच्या सारासाठीची लहान भांडी, घ्यावीत. आणखी एक सावधगिरी: "जुने सोमेत्सुके" म्हणून समोर येणाऱ्या चहाच्या भांड्यांत कोसोमेत्सुके नावाचा प्रकार असतो, आणि तो जपानी नव्हे, सतराव्या शतकात जपानी चहाप्रेमींसाठी चीनमधील जिंगदेझेन येथे बनवलेला आहे. त्याच्या काठांवरची झिलई किडीने खाल्ल्यासारखी उडालेली असते, तिला मुशिकुई म्हणतात आणि तिचेच कौतुक होते. आरिताच्या भांड्यावर तसाच उडालेला काठ दिसला तर मात्र तो बहुधा साधा टवका असतो, आणि त्याचे वेगळे पैसे देण्याचे कारण नाही.

निगा फारशी लागत नाही. गरम पाणी मी त्यात कधीच घालत नाही. सोन्याच्या सांध्याखाली उरुशी आहे आणि तड्यालाही उष्णतेचा धक्का नको. ऑक्टोबरअखेरीस धुतल्यावर आठवडाभर झाकण काढून सावलीत वाळवते, कारण दमट भांडे किरी लाकडाच्या पेटीत बंद केले तर झाकणाच्या उरुशीला आणि पेटीला दोन्हींना बुरशी धरते. पेटीत ठेवण्यापूर्वी आतून दिवा धरून पट्टी लावते. गेल्या ऑक्टोबरातही तडा तीन सेंटिमीटरच भरला.