शिमगा ते शिमगा, भांडुपातल्या एका दुकानाच्या भरवशावर

आई ब्याऐंशीची. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं आणि तिचं गावी जाणं थांबलं. गाव मालवण तालुक्यात. तिथे भावकी गणपती आणते, शिमगा करते, आमच्यावाचून काही अडत नाही. अडतं ते आईचं. म्हणून गेल्या शिमग्यापासून यंदाच्या शिमग्यापर्यंत सगळे सण भांडुपातल्या दोन खोल्यांत केले, आणि जवळजवळ सगळं सामान एकाच दुकानातून आणलं. त्या दुकानाबद्दल लिहितोय.

दुकान भांडुप पश्चिमेला, स्टेशनबाहेरच्या बाजारात. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि मालक भला माणूस आहे. तो कुडाळकडचा. मी मुंबईत जन्मलो, माझी मालवणी अर्धीमुर्धी, तरी तो "काय व्हया?" असंच विचारतो. भिंतीवर एक वही टांगलेली असते. तुमच्या घरी कुठल्या सणाला काय लागतं ते एकदा त्यात लिहिलं की पुढच्या सणाआधी तोच आठवण करतो. आमच्या पानावर 'काकी – हळदीची पानं रुंद' असं लिहिलंय. नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी. २९ जुलैला पानं मिळाली ती खरंच तळहाताहून रुंद, एकही फाटलेलं नाही.

पण दुकानाची खरी परीक्षा गणपतीत. मोदकाचं पीठ, गूळ, अगरबत्ती कुठेही मिळते. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी लागते. लाकडी चौकट छताला बांधायची आणि तिला रानातलं, परसातलं जे काही भाद्रपदात पिकतं-फुलतं ते टांगायचं. आंब्याचे टाळ म्हणजे डहाळ्या, नारळ, सुपारीचं शिपटं म्हणजे घड, तवसं म्हणजे मोठी काकडी, हरणाची फुलं, शेरवडं, आणि कांगण्या, कवंडाळं ही रानफळं. सोसायटीतल्या एकाने विचारलं होतं की प्लास्टिकची तोरणं मिळतात ना, मग हे कशाला. आईने ऐकलं नाही ते बरं झालं.

मी आधी दादरला गेलो होतो. तिथे फुलबाजारात सगळं मिळतं म्हणतात. टाळ मिळाले, शिपटंही मिळालं, पण कवंडाळ विचारलं तर एकाने मला भोपळ्याची जात दाखवली. शेवटी या दुकानात आलो. मालकाने गणपतीच्या दोन दिवस आधी, सोमवारी रात्री साडेनऊला बोलावलं. गावाहून रातराणी बसने पोती येतात आणि दुकानाच्या मागच्या बोळात उघडतात. पोतं उघडलं तेव्हा ओल्या पाल्याचा आणि मातीचा असा वास आला की रांगेतले सगळे गप्प झाले. शेरवडाची पांढरी पानं थोडी कोमेजली होती, ते चालायचंच. कवंडाळं मात्र देठासकट, निम्मी हिरवी आणि निम्मी नारिंगी झालेली. माटवीचा अख्खा वाटा चारशे रुपयांना. महाग वाटेल, पण दादरला जाण्यायेण्यात आणि शोधण्यात माझा अख्खा दिवस गेला होता, तो कोण मोजणार? २७ ऑगस्टला सकाळी आईने खुर्चीत बसून हातातल्या काठीने सांगितलं, हे इकडे, ते तिकडे. बायको साताऱ्याची, तिने स्टुलावर चढून सगळं बांधलं. कवंडाळ मध्यभागीच हवं, यावरून सासू-सुनेची वादावादी झाली ती वेगळी.

गौरीला आमच्याकडे तिखटा, म्हणजे सामिष नैवेद्य. वड्यांचं पीठ इथलंच घेतलं. भरड जाडसर, मेथी-धण्यांचा वास येणारं, वडे टम्म फुगले. मसाला मात्र मी घेणार नाही. तो तिखट आहे, पण भाजल्याचा सुगंध कमी. आई तर डबा उघडताच नाक मुरडते.

गोकुळाष्टमीला आंबोळ्या, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. पाला सोसायटीच्या झाडाचा. वाटाणे रात्रभर भिजवले तरी कुकरमधून खडे काढल्यासारखे निघाले. परत नेले. मालकाने एक दाणा दाताखाली धरला, "जुनो माल" एवढंच म्हणाला आणि नवे दिले. वाद नाही, बिल बघायला मागितलं नाही.

त्याआधी नारळी पौर्णिमेची एक गंमत. जून-जुलै मासेमारी बंद, मग ऑगस्टात बोटी पुन्हा समुद्रात उतरतात आणि कोळी दर्याला नारळ वाहतात, हे मुंबईला सांगायला नको. पण मालवणात त्या दिवशी नारळ लढवतात. नारळावर नारळ आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला. शेजारच्या सातवीतल्या पोराला आईने हे रंगवून सांगितलं आणि मला नारळ आणायला पिटाळलं. दुकानात मी जरा लाजतच मागितलं. मालक हसला नाही. "लढवूचो काय?" म्हणाला आणि ढिगातले सात-आठ नारळ कानाशी वाजवून एक लहानसा, जाड कवटीचा काढून दिला. त्या नारळाने जिन्यात तीन नारळ फोडले. नारळीभात तिन्ही घरांत झाला.

आता तक्रार. नरकचतुर्दशीला, २० ऑक्टोबरला पहाटे पाचला, अंघोळ करून तुळशीपुढे कारीट फोडायचं. कारीट म्हणजे छोटं कडू रानफळ, नरकासुर म्हणून फोडतात ते. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचं, "गोविंदा, गोविंदा" ओरडायचं, बी जिभेला लावायची, ती कडूजहर असते. आदल्या रात्री दुकानात भयंकर गर्दी. मालक फराळाच्या गिऱ्हाइकांत अडकलेला आणि नवीन पोराने मला कागदाच्या पुडीत पाच नग बांधून दिले. हिरवे, पांढऱ्या रेघांचे. मी पुडी उघडूनही बघितली नाही. पहाटे बाल्कनीतल्या कुंडीपुढे पाय ठेवला, फटकन आवाज व्हायला हवा तो झालाच नाही, नुसतं चेपलं. बी चाखली तर कडू नाही. आईने पुडीतला दुसरा नग हातात घेतला, चष्मा न लावताच म्हणाली, "ही तेंडली रे मेल्या!"

नरकासुर तोंडल्याने मारणारं भांडुपातलं आमचं पहिलंच घर असावं. उरलेल्या चार तोंडल्यांचं काय करणार, मसालेभातात गेली. सकाळी गुळपोहे, दहीपोहे खाताना आई हसत होती, पण दोनदा म्हणाली की या वर्षी कारीट नाही फुटलं. मी पाडव्याला जाऊन सांगितलं. मालकाने पोराला माझ्यासमोर झापलं, ते मला आवडलं नाही. चूक त्या पोराची तेवढीच माझीही. पैसे परत दिले, तेही मी घेतले, वीस रुपये.

तुळशीच्या लग्नाला ऊस घेतला तर दिंड्याची काठी, चिंचा, आवळे फुकट. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख दरवर्षी कौल लावून ठरते. ठरली की त्याच दिवशी दुकानाच्या दारावर खडूने लिहिलेली दिसते. ती वाचून आई हात जोडते.

शिमग्याला मात्र दुकानाचा उपयोग नाही. पालखी, ढोल, देवाला घालायचं गाऱ्हाणं यातलं काय विकणार? होळीच्या रात्री गावाहून चुलतभावाने व्हिडिओ कॉल लावला. आई इकडून गाऱ्हाण्याला "होय म्हाराजा" म्हणत राहिली, मध्येच नेट गेलं.

दुकानाला पाचपैकी चार गुण. यंदा ज्येष्ठ अधिक आला आहे, म्हणजे गणपती १४ सप्टेंबरला. माटवी हवी असेल तर श्रावणातच वहीत नाव घाला, पोती मोजकीच येतात. आणि दिवाळीला पुडी दुकानातच उघडून बघा.